झोपेच्या गोळ्या कुठं गेल्या?

भूत, भानामती, बाहेरची बाधा... असलं कोणी सांगू लागलं की मी आधी त्याची उलटतपासणी घेते. स्वभावच संशयी आहे माझा. तरी हे लिहिते आहे, कारण या प्रकरणात संशय घ्यायला कोणी उरलंच नाही.

मागच्या वर्षी मला सातवा महिना होता. सासर आर्णीला, माहेर मुकुटबनला. पाय असे ओढायचे की महिनाभर धड झोप नाही. फोनवर आईजवळ रडले, तर तिनं भावाच्या हाती, तुरीच्या डाळीच्या पिशवीत घालून, बाबांच्या ऑपरेशननंतर उरलेल्या झोपेच्या गोळ्या पाठवल्या. आमच्याकडे असंच — एकाच्या उरल्यासुरल्या गोळीवर दुसऱ्याचं दुखणं भागवायचं. "अर्धीच घेजो, अन् सासूले सांगू नको," म्हणाली.

दहा गोळ्यांची कोरी स्ट्रिप होती. सकाळी बोटानं चाचपून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवली. किल्ली एकच, ती माझ्या कमरेला. संध्याकाळी काढली तर... फॉइल कुठंच फाटलेलं नाही आणि आत एकही गोळी नाही.

तडक सासूबाईंना जाऊन विचारलं, "आई, माझ्या कपाटातल्या गोळ्यांले हात कायले लावला तुमी?"

त्या भाकरी थापत होत्या. "कायच्या गोळ्या होत्या?" एवढंच म्हणाल्या. सांगितल्यावर गॅस बंद केला आणि मला तशीच ऑटोत बसवून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई स्ट्रिपवरचं नाव वाचून घाबरल्याच. "किती घेतल्या?"

"एकही नाही."

"नशीब. गरोदरपणात झोपेची गोळी मनानं घ्यायची नसते, अर्धीसुद्धा. बाळाला गुंगी येऊ शकते, श्वासाला त्रास होऊ शकतो." रक्त तपासलं तर लोह कमी निघालं — पाय त्यानंच ओढत होते. औषध दिलं, दुपारनंतरचा चहा बंद केला, पायांमध्ये उशी घेऊन डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. हळूहळू झोप लागू लागली.

रिकाम्या स्ट्रिपबद्दल बाई म्हणाल्या, "माल सदोष असेल." पण सकाळी माझ्या बोटाला दहाच्या दहा गोळ्या लागल्या होत्या, त्याचं काय? भावाला विचारलं, नवऱ्याला तर खोदून खोदून विचारलं. आजही उत्तर सापडलेलं नाही.

मुलगी झाली, धडधाकट. बारशाच्या दिवशी सासूबाईंची माफी मागितली... फार लाज वाटत होती.

पाळण्याची दोरी न सोडता त्या म्हणाल्या, "म्या नाही घेतल्या पोरी. पण मले दिसल्या असत्या, तं म्याच चुलीत टाकल्या असत्या."