सात पाण्यांचा कंद

केजजवळच्या संशोधन संस्थेच्या बागेत सिंधुबाई वीस वर्षं झाडांना पाणी घालते. परवा ग्रंथालयाच्या जुन्या कपाटात बहात्तरच्या दुष्काळातलं एक टिपण सापडलं, सोबत कडू कंदाचं वाळवलेलं पान. संस्थेचे प्रमुख सर हरखून गेले. त्यांनी लगेच पाटी रंगवून घेतली आणि बागेतल्या कंदाच्या वेलापाशी ती रोवायला सिंधुबाईला खड्डा खणायला सांगितलं.

"आधी वाचून दाखवा," ती म्हणाली.

सरांनी वाचलं, "दुष्काळात लोक हा विषारी कंद सात वेळा पाणी बदलून उकडत आणि खात."

सिंधुबाईनं कुदळ खाली ठेवली. "मी न्हाई खणत. बहात्तर साली आमच्या गावात सोसायटीच्या विहिरीवर एका घागरीसाठी दिवस जायचा. सात वेळा बदलायला पाणी होतं कुठं? माझी आई, केशरबाई, कंदाच्या चकत्या राखेत दाबून ठेवायची आन् तांब्याभर पाण्यात शिजवायची."

"टिपण मोठ्या अभ्यासकाचं आहे, बाई. तुमच्याकडं पुरावा काय?"

"त्यांनी खाल्ला होता का कंद? आमी सहा भावंडांनी दोन उन्हाळे तेच खाल्लं. सहाची सहा जिवंत हाव. ती पाटी पुसा, केशरबाईचं नाव घाला, मंग खणते."