उदमांजर मला ओळखू आलं होतं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, पोरींनाही नाही. देवापुढं बसले तरी या गोष्टीपाशी आलं की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

आमचं घर नायगावात. वर पत्रे, आणि ऊन लागू नये म्हणून पत्र्यांखाली ठोकलेलं प्लायवूड. धाकट्या दिराचं लग्न झालं आणि सविता घरात आली — माझी जाऊ, निलंग्याकडची. मला अक्का म्हणायची. ती आली त्याच उन्हाळ्यात छतात आवाज सुरू झाले. काहीतरी ओढल्यासारखे, मधेच पळाल्यासारखे. मग कपाटावर शिंदीच्या बिया सापडायला लागल्या, ढिगानं. आणि वास — गॅस बंद, भांडी पालथी, अन् भरदुपारी घरात बासमती शिजल्याचा वास!

सासूबाई घाबरल्या. लहानपणी त्यांनी गावात भानामतीचे प्रकार ऐकलेले, ते डोक्यातून कधी गेलेच नव्हते. "ही आली अन् हे सुरू झालं," त्या म्हणाल्या. सविता आईशी फोनवर कानडीत बोलायची. ते सासूबाईंना कळायचं नाही. "मंतर म्हणून राहिली ती," त्या माझ्या कानाशी आल्या. मी काय केलं? मेथी निवडत राहिले.

आणि मला तर ठाऊक होतं. माझं माहेर हदगावकडचं. तिथं कापसाच्या खोलीवर उदमांजर व्यायचं. शिंदीची फळं खायचं, बिया तशाच बाहेर टाकायचं, आणि त्याचा वासही असाच — भातासारखा. तरी खात्री करावी म्हणून घरात कुणी नसताना मी शिडी लावली. सुटलेल्या फळीतून मोबाईलचा उजेड टाकला. काळपट अंग, लांब शेपूट, पोटाशी पिलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली उतरले, शिडी जागेवर ठेवून दिली.

संध्याकाळी सांगू म्हटलं. का नाही सांगितलं? — सविताच्या हातची आमटी असली की सासरे दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. माझी आमटी ते इतकी वर्षं मुकाट जेवत आले होते. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा मनात होतं, ते सांगते.

सासूबाई एका बाहेरचं बघणाऱ्याकडं जाऊन आल्या. नव्या बाईमाणसाच्या पायानं आलंय, असं तो म्हणाला. मग सविताला स्वयंपाकघरात येऊ देईनात. ती धुणं धूत असताना मी तिथून गेले तर म्हणाली, "अक्का, तुम्ही तरी सांगा की त्यांना. मी काय केलंय?"

"बघू," म्हणाले मी.

काही दिवसांत तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. दीर खोलीतून बाहेर आला नाही.

इथवर मी गप्प बसले, एवढंच म्हणता येईल. गप्प तर घरातले सगळेच होते, नाही का? पण पुढचं — पुढचं फक्त माझं आहे.

सविता गेली तरी आवाज थांबले नाहीत. एके दिवशी जेवताना दीर मान वर करून म्हणाला, "आई, ती न्हाई तरी होतंय की गं!" त्याचा चेहरा एकदम उजळला होता. हा आता तिला आणायला जाणार, हे मला समजलं.

पिलं तोवर मोठी झाली होती. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती आईमागून बाहेर पडताना मी परसातून पाहिली. लगेच शिडी लावली. भिंत आणि पत्रा यांच्यात फट होती, तिच्यावर पत्र्याचा तुकडा ठोकला. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाले, उंदरं येतात.

आवाज थांबले. वास गेला. तिच्यामागं उरलेलंही गेलं, म्हणत सासूबाईंनी नारळ फोडला. दीर निलंग्याला गेलाच नाही. पुढं सोडचिठ्ठी झाली, त्याचं दुसरं लग्नही झालं.

मागच्या वर्षी लातूरच्या बसस्टँडवर सविता भेटली. शिवणकाम करते. तिनं माझ्या पोरींची चौकशी केली, चहा पाजला. मग विचारलं, "अक्का, मी गेल्यावर थांबलं म्हणं ते. खरं का?"

"हाव," मी म्हणाले.

ती म्हणाली, "म्हंजी माझ्यातच काही असंल. म्हणून मी परत लग्न केलं न्हाई. दुसऱ्याच्या घरात तेच झालं तर?"

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. सासूबाई वारल्या होत्या, दीर संसाराला लागला होता, मला अडवणारं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "जाऊ दे गं आता."

माझी गाडी लागली. तिनं माझी पिशवी उचलून आत ठेवली, खिडकीची जागा धरून दिली, आणि माझ्या मोबाईलमध्ये स्वतःचा नंबर टाकला. मी तिला अजून फोन केलेला नाही.