ट्रकचं झाकण आणि तापीचं पाणी

हसायचं नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. नुसती मान हलवून चालणार नाही, तोंडाने म्हणा! लोकांच्या चुका घरात होतात, शेतात होतात, चार भिंतींत झाकल्या जातात. माझी झाली ती तापीच्या दोन्ही काठांवरच्या झाडून सगळ्या माणसांसमोर. आणि वर ढोल लावून!

दुसरी मोठी लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती. आमच्या रनाळे गावात माझ्याकडे एक जुना मिलिटरीचा ट्रक होता, लिलावात घेतलेला. कापसाच्या दिवसांत कापूस वाहायचा, एरवी मिळेल ते. या ट्रकच्या केबिनच्या टपाला मधोमध एक गोल भोक होतं आणि त्यावर लोखंडी झाकण. लढाईत म्हणे शिपाई त्यातून अर्धा वर निघून बंदूक धरून उभा राहायचा. आमच्याकडे बंदूक कुठली? मी उन्हाळ्यात झाकण उघडं टाकायचो आणि वारा खात जायचो. राजासारखा!

एकदा असंच झाकण उघडं होतं आणि रस्त्यावर चिंचेची फांदी खाली आलेली. मी वाकलो, झाकण कसं वाकणार? वाकलं म्हणा, पण भलतीकडेच. बिजागरी तुटली, पत्र्याचा पापड झाला. तेव्हापासून ते नीट बसेना.

त्याच वैशाखात माझे सासरे लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला आले. सगळे त्यांना आबा म्हणायचे. तापीपलीकडे प्रकाशा गावाजवळ त्यांच्या केळीच्या बागा. माणूस कमी बोलणारा, कडक इस्त्रीचा. मी त्यांना मोठ्या मानाने केबिनमध्ये मधोमध बसवलं. म्हणजे बरोबर भोकाखाली! वाटेत वळवाची सर आली आणि आबांच्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर नळ सोडल्यासारखी धार लागली.

आबांनी टोपी काढली. पिळली. परत घातली.

तेव्हा आमच्या वाटेवर तापीला पूल नव्हता. या काठाला गाडी सोडायची आणि नावेने पलीकडे जायचं. नावेत पाय ठेवता ठेवता आबा म्हणाले, "जवाईबापू, मन्हं नातवंड या गाडीमा बसनार नही. पहिले वरनं भोक बुजा."

झालं! आषाढात मुलगी झाली. बारसं झालं. भादवा आला. बायको निरोपावर निरोप पाठवतेय, मला घरी न्या. आणि आबांचा एकच सवाल, भोक बुजलं का?

मी काय कमी केलं होतं का? लोहाराने झाकण ठोकलं, ते आणखी वाकडं झालं. वर ताडपत्री बांधली, ती उडून कुणाच्या तरी तुरीत जाऊन पडली. शेवटी मी स्वतः डांबर ओतलं. दुपारी ऊन पडलं, मी खालून बघायला गेलो आणि ते डांबर थेंब थेंब माझ्या डोक्यावर! केसांतून निघेना, शेवटी टक्कल करून हिंडलो.

मग कुणीतरी सांगितलं, नदीवर सुकाबाबाकडे जा. सुकाबाबा म्हणजे नाववाला. साठीचा, काळा, काटक, हाताची बोटं वडाच्या पारंब्यांसारखी. मी म्हटलं, नावेचा माणूस ट्रकचं काय करणार? पण गेलो.

त्याने टपावर चढून झाकणावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. कान लावून ऐकलं, वैद्य छाती ऐकतो तसं.

"हाई डांबर कोनी भरं?"

"मीच."

"दखताच समजनं," म्हणाला आणि कामाला लागला.

काय सांगू, मी आयुष्यात पुष्कळ कारागीर पाहिले, पण असा हात नाही पाहिला. सगळं डांबर त्याने खरवडून काढलं. पत्रा लाकडी हातोडीने इतका हळू सरळ केला की वाटावं, थोपटून झोपवतोय. मग माझ्याच ट्रकच्या फटींत अडकलेला कापूस वेचून त्याच्या वाती वळल्या. राळ आणि जवसाचं तेल उकळलं. एकेक वात त्यात बुडवायची आणि बोथट छिन्नीने फटीत बसवायची. एक वात बसली की बोट फिरवून पाहायची, मग दुसरी. जेवायला हाक मारली तर "वात बसू दे" म्हणायचा. दोन दिवस चाललं हे.

मी घाई केली, तर शांतपणे म्हणाला, "नाव गळनी ते मानूस बुडस, भाऊ. माले अर्धं काम येत नही."

मध्येच त्याने विचारलं, "हाई पुन्हा उघडनं पडई का?"

"नको बाबा! कायमचं बंद करा."

तिसऱ्या दिवशी स्वतः आत जाऊन बसला आणि मला टपावर घागरी ओतायला लावल्या. सात घागरी ओतल्या. आत डोकावतो तर हा निवांत बिडी ओढतोय! बोट फिरवलं, खडखडीत कोरडं. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता माझा पराक्रम ऐका.

नदीकाठी नाववाला दोन दिवस ट्रकला वाती भरतोय, ही काय लपणारी गोष्ट आहे? लोक जमायचे. विचारायचे, "बाबा, काय करी ऱ्हायना?" बाबा कामातून मान वर न करता म्हणायचा, "पानी बंद करी ऱ्हायनू." त्याची चूक नाही हो, खरं तेच सांगत होता!

मग एक पागोटेवाले गृहस्थ माझ्याकडे आले. "भाऊ, आते तुमनी गाडी पानीमा चालई का?"

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पाऊस आला तर आपण काय म्हणतो? पाणी आलं! मी म्हटलं, "चालेल काय, धावेल!"

"कितलंबी पानी ऱ्हायनं तरी?"

"कितीही असू दे. आत थेंब येणार नाही. सुकाबाबाचा हात आहे!"

"आनि मानसे कितला बसतीन?"

"पुढे तीन, मागे तीस. घेऊन या सगळ्यांना!"

माझी छाती फुगलेली. तेवढ्यात तिथे एक पेन्शनवाले हवालदार होते, ब्रह्मदेशाच्या लढाईत जाऊन आलेले. त्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "अशा गाड्या मी तिकडे डोळ्यांनी पाहिल्यात. सरळ नदीत शिरतात. हिची मूळची जातच ती!" मी हे ऐकलं, पण मला वाटलं, म्हातारा आपला लढाईच्या गोष्टी सांगतोय. मी मोठ्या कौतुकाने मान डोलावली. मान डोलावली हो मी! त्या मानेला काय करू?

ही बातमी नावेत बसून पलीकडे गेली. तुम्हाला माहीत आहे, नावेतली बातमी काठाला लागेपर्यंत वाढते.

भोक बुजल्याचा निरोप मी आबांना धाडला होता. बायको-मुलीने नावेने या काठाला यायचं ठरलं, त्या दिवशी मी ट्रक धुऊनपुसून काठावर आलो, तर ही गर्दी! बायका कुंकवाची ताटं घेऊन उभ्या. कुणीतरी गाडीपुढे नारळ फोडला. मागे फळीवर माणसं चढली, गाठोडी चढली, दोन शेळ्याही चढल्या. हवालदार माझ्या शेजारी ताठ बसले. पलीकडे नजर टाकली तर तिकडेही गर्दी, आणि ढोल वाजतोय! मनात म्हटलं, काय हो माणसं ही! माझी मुलगी सासरच्या घरी निघाली... छे, बापाच्या घरी निघाली म्हणून ढोल! आणि एका झाकणाच्या दुरुस्तीचं केवढं हे कौतुक!

तेवढ्यात पलीकडून नाव आली. त्यात बायको नाही, मुलगी नाही, नुसता निरोप. निरोप्या म्हणाला, "आबानी सांगेल शे, आम्ही नावमा बसनार नही. जवाईबापू गाडी लईसन इकडे येवोत. पोरले गाडीमाच बसाडसूत."

"इकडे म्हणजे कुठे?"

"पलीकडे."

"कुठून?"

त्याने तापीकडे बोट दाखवलं.

भादव्यातली तापी पाहिली आहे ना? लाल, रुंद, पोट फुगवून चाललेली. मी ओरडलो, "अहो, पाणी म्हणजे पाऊस! मी पावसाचं बोलत होतो!"

कुणी ऐकेल तर शपथ! पागोटेवाले हसून म्हणाले, "दखा, मोठा मानूस कधी सवताना तोंडनी सांगस का?" हवालदार म्हणाले, "घाबरू नका. पहिला गियर टाका, पुढचं गाडीला ठाऊक आहे."

मी ठरवलं, बोलून उपयोग नाही. गाडी मागे घ्यायची आणि सरळ रनाळं गाठायचं. कशीबशी मागची माणसं आणि शेळ्या उतरवल्या. "आधी रिकामी गाडी नेऊन बघतो," असं खोटंच सांगितलं. हवालदार मात्र उतरेनात. मी गाडी सुरू केली आणि मागे घ्यायला गेलो. पण काठाचा गाळ, रात्रभर भिजलेला, लोण्यासारखा. चाकं जागेवर फिरली, एकदा फिरली, दोनदा फिरली... आणि गाडी आपल्या मनाने, सावकाश, पुढे निघाली.

लोकांनी केवढा जयजयकार केला! पलीकडे ढोल दुप्पट वाजायला लागला. मी ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा, आणि गाडी घसरतेय. बॉनेट पाण्यात गेलं. इंजिनाने एक उचकी दिली आणि गप्प. पाणी पायांतून आलं, दारांतून आलं, मांडीपर्यंत चढलं. पाणी कुठून आलं नाही ते विचारा!

हवालदारांनी मांडीवरच्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ही दुसऱ्या जातीची दिसते," आणि खिडकीतून उतरून चालत काठाला गेले. चालत! पाणी त्यांच्या छातीला होतं.

पण माझं धाडस होईना. मी वरचं झाकण ढकलायला लागलो. हातांनी ढकललं, खांद्याने ढकललं, शेवटी डोक्याने धडक दिली. सुकाबाबाचं काम ते, तसूभर हलेल? डोक्याला हे एवढं टेंगूळ आलं. मग खिडकीतून लोंबकळत टपावर चढलो आणि त्याच झाकणावर मांडी घालून बसलो. पलीकडचा ढोल थांबला.

सुकाबाबा नाव घेऊन आला. माझ्याकडे बघितलंही नाही. नाव खिडकीशी लावली, आत हात घालून टपाला खालून बोट फिरवलं आणि समाधानाने म्हणाला, "वरतून थेंब नही."

त्या अवस्थेतही मी मनातल्या मनात हात जोडले. कसला माणूस! त्यानेच मग काठावरच्या बैलजोड्या बोलावल्या, दोर कुठे बांधायचा, कुठली जोडी आधी ओढेल, सगळं एका हाताच्या खुणेवर. संध्याकाळच्या आत ट्रक बाहेर. पण त्याआधी मला नावेत घालून पलीकडे नेलं. सासऱ्यांसमोर!

आबा घाटावर उभे. शेजारी बायको, कडेवर मुलगी. मी चिखलाने माखलेला, डोक्यावर टेंगूळ. मान खाली घालून उभा राहिलो.

आबांनी मला पायापासून टेंगळापर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, "जवाईबापू, हवालदार चालत गया. तुम्ही टपवर कसाले बठनात?"

मी टेंगूळ चाचपायला लागलो.

बायकोच्याच लक्षात आलं. तापीकाठी जन्मलेली, माशासारखी पोहणारी बाई ती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "आबा, त्यास्ले पवता येत नही!"

अख्खा खानदेश हसला असेल त्या दिवशी. आबासुद्धा हसले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले. मग अश्रू पुसत म्हणाले, "आठ दिवस आठेच ऱ्हावा. गाडीनं भोक बुजायनं, आते जवाईनं बुजू."

आणि खरंच ठेवून घेतलं हो! सुकाबाबाने माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि शेजारच्या गोमाई नदीच्या संथ पाण्यात, सहा-सात वर्षांच्या पोरांबरोबर, मला सोडलं. काय धीर त्या माणसाचा! एकदा रागावला नाही. पोरं तीन दिवसांत शिकली. नवव्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून तो फार मायेने म्हणाला, "भाऊ, तुम्ही गाडीच चालवा."

मुलगी मात्र आईवर गेली. दर सुट्टीत आजोळी सुकाबाबाकडे शिकायची. बाराव्या वर्षी उन्हाळ्यात या काठावरून त्या काठावर पोहत गेली, आणि परत आली. सगळा गाव घाटावर बघायला. मीही होतो की! सगळ्यात पुढे, शेवटच्या पायरीवर, तिच्या चपला सांभाळत बसलो होतो.

पाठीला भोपळा बांधून. पाय घसरला म्हणजे?