एक ‘क’ जास्त

रविवारच्या मराठी वर्गातल्या एका सात वर्षांच्या मुलीच्या वहीतून तिच्या आईची चिठ्ठी आली. ‘टीचर, मुलगी घरी “नको”ला “नक्को” आणि “हो”ला “हौ” म्हणायला लागली आहे. कृपया शुद्ध मराठी शिकवावे.’

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा तेवढाच संताप आला.

आमचं मूळ गाव नांदेडकडचं, घरची शेती. आजोबा नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथल्याच नल्लकुंट्यातला. आयुष्यभर इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर कुणीतरी गळ घातली म्हणून चिक्कडपल्लीतल्या एका हॉलमध्ये मुलांना मराठी लिहा-वाचायला शिकवू लागले. बहुतेक मुलं पुण्या-मुंबईहून आयटीत आलेल्या घरांतली. एवढं करून वर ही चिठ्ठी!

“इथल्या दखनी हिंदीनं ‘नक्को’ उचललं कुणाकडून? आपल्याकडूनच ना?” मी नवऱ्यापुढे तणतणले. “आपलाच शब्द. एक ‘क’ जास्त लागला तर लगेच अशुद्ध?”

“मग तिला सांग की हे.”

“मी कामून सांगू?”

“मग मला कामून सांगायलीस?” असं म्हणून तो शेंगा सोलत बसला.

खरं तर मला सांगायची हिंमत नव्हती. पूर्वी पुण्यात एका लग्नात दोघीतिघी बायका “तुमचं मराठी काय गोड आहे हो” म्हणत तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. तेव्हापासून पुण्यात मी मान हलवूनच काम भागवते. इकडे शाळेत स्टाफरूममध्ये तेलुगू बोलायच्या आधीच माफी मागून घ्यायचे. कुठेही तोंड उघडलं की आधी स्वतःचीच लाज वाटायची.

पुढच्या रविवारी मी बातम्या देणाऱ्या बाईसारखं मराठी बोलले. ‘आपण आता पुस्तके उघडू या’, ‘कृपया शांतता राखा’. त्या सात वर्षांच्या मुलीनं हात वर केला.

“टीचर, तुम्हाला बरं नाही का?”

घरी आले ती धुमसतच. तेवढ्यात माझ्या लेकीचा फोन आला. ती बेंगळुरूला नोकरी करते. माझ्याशी बहुतेक इंग्रजीतच बोलते, पण त्या दिवशी थकलेली होती म्हणून असेल, मराठीत सुरू झाली.

“आई, मी काल डॉक्टरकडं गेलते.”

“गेले होते,” मी म्हणाले.

“आई, मी बिमार आहे म्हणून सांगायलेय आणि तू...”

“बिमार नाही, आजारी.”

माझ्या तोंडून निघून गेलं.

“म्हणून मी तुझ्याशी इंग्रजीत बोलते,” ती म्हणाली. “इंग्रजीत तू चुका काढत नाहीस.” आणि फोन ठेवला.

‘गेलते’ आणि ‘बिमार’ हे दोन्ही शब्द ती माझ्याकडूनच शिकली होती. मी आत्तासुद्धा नवऱ्याशी तसंच बोलते. वर्गातल्या त्या मुलीच्या आईनं मला एकदाच चिठ्ठी लिहिली. मी लेकीला पंचवीस वर्षं रोज तोंडी तेच ऐकवत होते. तेही मला जे येतं त्याच बोलीवरून! मला कुणी बाहेर ठेवलं म्हणून मी जन्मभर कुरकुरले आणि घरातल्या एकुलत्या एका पोरीला मीच बाहेर ठेवलं. त्या बाईवर धड चिडायचीही सोय राहिली नाही, याचा जास्त वैताग आला.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. “डॉक्टर काय म्हणाले?” विचारलं आणि तोंड बंद ठेवून ऐकलं. व्हायरल ताप होता, उतरत होता. ती मराठी, इंग्रजी, दखनी सगळं कालवून बोलत होती. चुका काढायचा मोह आवरणं जड गेलं, पण आवरला.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर त्या आईला थांबवलं.

“लिहायला मी ‘नको’च शिकवीन,” मी म्हणाले. “पण बोलणार माझं तेच. मी इथली आहे, माझं मराठी इथलं आहे. पोरगी ते ऐकणार. चालत नसेल तर आत्ताच सांगा.”

ती वाद घालेल म्हणून मी कंबर कसून उभी होते. पण तिचा चेहरा पडला.

“तसं नाही हो. ती आठ महिन्यांत इथली झाली. माझ्या हिंदीला हसते. भाजीवाली माझ्याशी बोलायच्या आधी तिच्याकडे बघते. माझ्याकडे शिकवायला एवढं मराठीच उरलंय.”

आता हिची समजूत मी घालायची! माझं मला कळायला साठ वर्षं गेली, हिला मी उभ्या उभ्या काय सांगणार? तरी म्हणाले, “खाली कोपऱ्यावर चाय चांगली मिळते. चला.”

ती आली. पहिल्याच घोटाला म्हणाली, “फारच गोड आहे हो इथला चहा.”

“आहेच,” मी म्हणाले, आणि तिला बसायला खुर्ची ओढली.