मस्कत काय लई लांब न्हाई

उदगीरच्या बसस्टँडवर मला सोडायला अप्पा, म्हणजे माझे वडील, एकटेच आले. लातूर नवा जिल्हा झाला होता आणि पावसानं दगा दिला होता. आई, आमची अव्वा, पहाटेपासून पाण्याच्या रांगेत होती. नंबर सोडून तिला येता आलं नाही. बाकीचे घरात रुसून बसले होते. लिंगायत वाण्याची पोर, बिनलग्नाची, नर्सच्या नोकरीसाठी एकटी मस्कतला निघालेली! थोरल्या काकांनी आदल्या दिवशी ओसरीवर चारचौघांत सुनावलं होतं, "लई लांब चाललीस. बापाच्या मातीला तरी पोचशील का?" बस सुटताना अप्पा मात्र खिडकीशी येऊन म्हणाले, "बसायला जागा मिळाली नं? मग झालं."

उदगीरहून लातूर, तिथून छोट्या रेल्वेनं कुर्डुवाडी, मग मोठ्या गाडीनं मुंबई. हाडं खिळखिळी झाली. आणि विमान? चहा प्याले, जरा डोळा लागला, तोच खाली समुद्राकाठचे तपकिरी डोंगर दिसू लागले. तीन तासही झाले नव्हते. आमच्या घराण्यानं परलोक ठरवलेलं गाव मुंबईला उदगीरपेक्षा जवळ निघालं. मला एकटीला हसू आलं.

पुढं काही वर्षांनी अप्पा गेले. मला फोन आला तो माती होऊन गेल्यावर. मिळेल त्या विमानानं निघाले. घर माणसांनी भरलेलं होतं. मला बघताच काका म्हणाले, "म्हणलो नव्हतो? न्हाईच पोचली."

मी काही बोलणार, तोच भिंतीला टेकून बसलेली अव्वा बोलली. ती काकांसमोर कधी मान वर करत नसे.

"विमान उशिरा न्हाई आलं, भाऊजी. तुमचा फोन उशिरा गेला. आठ दिस हे अंथरुणावर हुते. मी रोज म्हणत हुते, पोरीला कळवा."

"येवढ्या लांबून कुठं येणार हाय, म्हणून..."

"ते तिनं ठरवायचं हुतं."

तेव्हा मला कळलं, अप्पांच्या आणि माझ्या मधे समुद्र कधी आलाच नव्हता; आली होती ती ही ओसरी.

वर्षानं अव्वाला मस्कतला घेऊन गेले. चाकं जमिनीला टेकली तशी तिनं विचारलं, "येवढंच?" आणि मग चिडलीच. "येवढ्यासाठी रडवलं व्हय मला भाऊजींनी?" बाल्कनीत बसून ती रोज लिंगपूजा करायची. उदगीरला परतल्यावर तिनं पहिलं काम केलं, ते घरावर माझ्या भावाच्या जोडीला माझं नाव लावून घ्यायचं. काकांनी महिनाभर बोलणं टाकलं. अव्वाला त्याचं सुख वाटलं.

आता भावाची मुलगी मेलबर्नला निघाली आहे, आणि त्याच ओसरीवर पुन्हा तोच लांबचा सवाल: किती तास लागतात? पोरी, तास विमानकंपनीला विचार. ओसरीला विचारू नकोस. मी उदगीरला दरसाल जाते. वेशीतच कुणीतरी विचारतं, पाहुणी कधी आली, किती दिवस हाय? मी बॅग खाली ठेवून सांगते, पाहुणे तुम्ही. मी माझ्या घरी आलेय, जाईन तेव्हा जाईन.