सिंगापुरातली हिवाळी छावणी

माझ्या नवऱ्याला रोज चालायला लावण्यासाठी अमेरिकेतल्या माणसांना आपसात युद्ध करावं लागलं. मी सांगून दमले, मुलगा सांगून दमला, पुण्याच्या डॉक्टरांनी तर बायपासनंतर हात जोडले होते की काका, चाला, नाहीतर केलेलं सगळं फुकट जाईल. हे ढिम्म हलले नाहीत. मुलाने आम्हाला विश्रांतीसाठी सिंगापुरात, क्वीन्सटाउन भागातल्या त्याच्या फ्लॅटवर आणलं, तर इथे नवीन कारणं निघाली. ऊन फार. दमट फार. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं असतात. अनोळखी माणसांचा त्रास मला होतो, ह्यांना कधीच नव्हता, पण कारण म्हणून माझाही स्वभाव चालतो.

मग कुणीतरी घर सोडून जाताना आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत पुस्तकांची खोकी ठेवून गेलं. त्यातून हे एक जाड इंग्रजी पुस्तक वर घेऊन आले. ते अमेरिकेतल्या एका गावाच्या पलटणीबद्दल होतं. उत्तर आणि दक्षिण असे दोन तट पडून तो देश आपसात लढला, तेव्हा त्या गावच्या सुतारांनी, चांभारांनी, शेतकऱ्यांनी आणि एका शाळामास्तराने आपणहून नावं घातली, पायदळात गेले आणि तीन वर्षं चालत राहिले. आज कुठून कुठे गेले, पाऊस होता का, काय खाल्लं, अशी रोजची हकीकत त्यात होती. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ऐकायची सुटका नव्हती. सकाळी उपम्याबरोबर पलटण, संध्याकाळी चहाबरोबर पलटण.

एक दिवस ह्यांनी जाहीर केलं की आपण पलटणीबरोबर चालायचं. ती चालली की आपण चालायचं, ती थांबली की आपण थांबायचं. मला इतका आनंद झाला की मी गूळ घालून शिरा केला. तो आनंद शिऱ्याइतकाच टिकला.

मलेशियाची गाडी बंद झाल्यावर रूळ काढून मोकळी झालेली वाट आमच्या घराजवळून जाते. दोन्हीकडे झाडी, पायाखाली चिखल. हे पाठीवर नातीची जुनी शाळेची बॅग अडकवून पुढे, आणि साडीवर सुनेचे बूट घातलेली मी पाण्याची बाटली घेऊन मागे. बाकावर एक म्हातारे चिनी अंकल बसलेले असत. ह्यांनी पहिल्याच दिवशी त्यांना कडक सलाम ठोकला. त्यांनीही उठून ठोकला. मग रोजचंच झालं. मी त्या वेळी झाडांकडे बघायची.

परतताना खाण्यापिण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर लागायचं. एकदा माझे पाय भरून आले.

"अहो, जरा टेकू या का? चहा घेऊ."

"पलटण टेकली नाही."

"पलटणीतली पोरं विशीतली होती. तुमचं वय काय?"

"एक पन्नाशीचा होता त्यांच्यात. ढोल वाजवायचा."

"मग त्याची बायको मागून बाटली घेऊन फिरत होती का, तेही वाचा."

"बायका गावात राहिल्या."

"शहाण्या होत्या."

"अगं, ते स्वखुशीने गेले होते. त्यांना कुणी ओढून नेलं नव्हतं."

"तेच म्हणतेय मी. मी कुठे नाव घातलं होतं?"

ह्यावर हे हसले आणि चालत राहिले. मी उभ्या उभ्या पाणी प्यायले.

त्यात ती पलटण एका नदीपर्यंत गेली, मार खाऊन परत आली, आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच नदीवर गेली. म्हणजे आम्हीही त्याच वाटेने पुन्हा. मी विचारलं, त्यांच्यात कुणाला रस्ता माहीत नव्हता का? हे म्हणाले, सेनापती बदलला होता. सेनापती बदलला की माणसांनी तोच चिखल पुन्हा तुडवायचा, हे मला काही केल्या पटलं नाही.

एक दिवस मात्र हे तुटकच बोलले. पलटणीची मक्याच्या शेतात लढाई झाली होती. सकाळी हजेरीला उभे होते त्यातले निम्मे संध्याकाळी नव्हते. शाळामास्तर गेला, त्याच्या शाळेतली दोन मुलं त्याच्याच शेजारी गेली. एवढं सांगून हे चालायला लागले. वाटेत दोनदा थांबले. मला वाटलं, मास्तरसाठी वाईट वाटतंय. घरी येऊन जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बूट घालून दाराशी उभी, तर हे सोफ्यावर.

"आज नाही. पलटण हिवाळी छावणीत गेली. लाकडाच्या झोपड्या बांधल्यात. आता वसंत येईपर्यंत मुक्काम."

"अहो, हे सिंगापूर आहे. इथे बारा महिने घाम येतो. कसला हिवाळा आणि कसला वसंत?"

"ठरलं म्हणजे ठरलं. ती थांबली की आपण थांबायचं."

मुलाला सांगितलं, तर तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "असू दे गं आई, एंजॉय करतायत ते." नातीला गंमत वाटली. "आजोबा, दिस वन चीटिंग लाह!" म्हणून ती हसत पळाली. ती एकटीच खरं बोलली, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

आठवडा गेला, दुसरा गेला. झोपड्या काही मोडेनात. मला आधी राग होता, मग भीती वाटायला लागली. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, जिन्यावर हे मधेच थांबायचे आणि भिंतीवरची सूचना वाचत असल्यासारखं करायचे. ती सूचना मीही ओळखत होते. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

रविवारी सुनेच्या केसांना तेल लावायला बसले आणि ते पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, थंडीच्या मुक्कामाचं काय लिहिलंय ते वाच.

वाचता वाचता तिला हसू आलं. "आई, ही माणसं बसून नव्हती हो! सकाळी कवायत, दुपारी कवायत, लाकडं आणायला लांब जायचं, बर्फात पहारा. बाबांना काय वाटलं, माथेरानला गेले होते?" मग तिने पान उलटलं. "आणि इथे लिहिलंय, गोळीने गेले त्यापेक्षा आजाराने जास्त गेले. ह्या झोपड्यांतच."

मी तेलाचे हात तसेच घेऊन हॉलमध्ये गेले.

"उठा. छावणीत रोज दोनदा कवायत होती. मला सगळं कळलंय. चला."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. चला."

"नाही जमत गं."

"काय नाही जमत? पायात चप्पल सरकवायला?"

ह्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. मग म्हणाले, "छातीत भरून येतं. त्या शेताच्या दिवसापासून. मुलाला सांगू नकोस. पुन्हा दवाखाना, पुन्हा त्याची रजा."

मला संताप आला. एवढे दिवस मी झोपड्या, बर्फ आणि वसंत ऋतू ऐकत होते! छातीत दुखतं, हे दोन शब्द बोलायला नकोत म्हणून ह्या माणसाने अख्खी पलटण सोफ्यावर आणून बसवली होती.

दुसऱ्या दिवशी सून आम्हाला जवळच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेली. आमचा नंबर लागला आणि नेमका तिला ऑफिसचा फोन आला. ती दाराबाहेर, आत आम्ही दोघं आणि एक तरुण चिनी डॉक्टर. ह्यांनी कॉलर नीट केली आणि इंग्रजीत सुरू केलं. मला सगळं कळत नव्हतं, पण 'वॉकिंग' कळलं, 'एव्हरी डे' कळलं, 'नो प्रॉब्लेम' तर फारच छान कळलं. डॉक्टर हसून मान हलवत होते. मी दाराकडे बघितलं. सून पाठमोरी बोलत होती.

मी अशा ठिकाणी तोंड उघडत नाही. पुण्यातही उघडत नाही. पण ह्यांनी तिसऱ्यांदा 'एव्हरी डे' म्हटलं आणि मी उठले.

"नो डॉक्टर," मी म्हटलं. "नो वॉकिंग. पेन." आणि परक्या माणसासमोर ह्यांच्या छातीवर हात ठेवला. "हिअर."

डॉक्टरांचं हसू गेलं. हे माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी शत्रूला जाऊन मिळाले.

तिथेच हृदयाचा आलेख काढला, मग हॉस्पिटलमध्ये पाठवलं. तपासण्या झाल्या, गोळ्या बदलल्या. वेळेवर आणलंत, असं तिथल्या डॉक्टरांनी सुनेला सांगितलं. रोज चाला, पण हळू, आणि दुखलं की थांबा आणि सांगा. 'आणि सांगा' हे सुनेने ह्यांना मराठीत पुन्हा म्हणून दाखवलं.

आता आम्ही पुन्हा त्या वाटेवर जातो. पलटण पुढे निघून गेली, आपण मागे पडलो, अशी ह्यांची कुरकुर असते. मी सांगितलंय, ती पलटण घरी सोफ्यावर वाचायची, वाटेवर आणायची नाही. काल अर्ध्यावर मी विचारलं, दुखतंय का? म्हणाले, नाही. कपाळावर घाम होता, पण इथे तो सगळ्यांच्याच कपाळावर असतो. मी पुन्हा विचारलं. तरी नाही. तिसऱ्यांदा मी चालणंच थांबवलं आणि मधोमध उभी राहिले. एक सायकलवाला घंटा वाजवून बाजूने गेला.

"थोडं," हे म्हणाले.

मग बाकावर बसलो. एवढं 'थोडं' म्हणायला माणसाचं काय जातं, देव जाणे.