शेजारची खुर्ची

गिटार वाजवताना तुमचा बाबा शेजारच्या खुर्चीवर कुणालाच का बसू देत नाही, असे तुम्ही नातवंडांनी मला फोनवर विचारलेत. त्याचे उत्तर लातूरच्या एका कॅसेटवाल्याकडे आहे.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. तुमचा बाबा आणि त्याचा मित्र कॉलेजात जोडीने वाजवायचे. मित्र तापाने गेला आणि बाबाने गिटार पलंगाखाली सरकवली. त्याला ऐकायला काही आणावे म्हणून मी स्टँडजवळच्या दुकानात गेले. दुकानदार करंगळीने कॅसेटची सैल फीत गुंडाळत होता. मित्र गेल्याचे माझ्याकडून ऐकून त्याने एका इंग्रजी कॅसेटवरची धूळ पुसली.

"ह्या बँडवाल्यांचा गाणारा मेला, बाई. मागं राहिलेल्यांनी मग हे काढलं."

"म्हणजे रडगाणीच असतील."

"न्हाई वो. लई दणक्यात हाय." त्याने काचेवर बोटांनी ताल धरला. "मी बी लग्नात ढोल वाजवतो. आमचा क्लॅरनेटवाला गेला, तवा रांगेत त्याची जागा मोकळी सोडून वाजवत चाललो. वरात थांबती का?"

घरी येऊन मी हे तुमच्या बाबाला सांगितले. काही दिवस नुसती कॅसेट वाजत राहिली. मग एका संध्याकाळी त्याने अंगणात दोन खुर्च्या मांडल्या आणि एकीवर बसून गिटार सुरात लावली.

त्या कॅसेटवाल्याचे नाव मी विचारले नाही. फोनवर तुमच्याकडची गिटार ऐकू आली, की मी मनात त्याचे आभार मानते. ती खुर्ची मोकळीच राहू द्या. तुम्ही खाली बसून ऐका.